सोलापूर जिल्ह्याच्या नकाशा-टाइल्स तीन यंत्रांवर: वाटणीचं एक प्रकरण

प्रसंग असा. आषाढी वारीच्या शेवटच्या टप्प्यात, माळशिरस तालुक्यातल्या धर्मपुरीपासून वाखरी-पंढरपूरपर्यंत, मोबाइलला रेंज दिसते पण नेट चालत नाही. स्वयंसेवकांच्या टॅबलेटवर नेटशिवाय चालणारा, मराठी नावांचा, घराघरापर्यंत तपशील दाखवणारा नकाशा हवा आहे. काम सोलापुरातल्या एका छोट्या नकाशा-कार्यालयाकडे आहे आणि हाताशी तीन संगणक आहेत. नकाशा फक्त वारीच्या वाटेचा न करता सगळ्या अकरा तालुक्यांचा करायचा, म्हणजे तो वर्षभर उपयोगी पडेल, असं ठरलं.

हे प्रकरण नमुन्यादाखल बांधलेलं आहे. यंत्रं आणि रेंडरिंगच्या, म्हणजे डेटावरून नकाशाचं चित्र काढण्याच्या, वेळा उदाहरणासाठी धरल्या आहेत. टाइल्सचे (टाइल म्हणजे नकाशाचा एक छोटा चौकोनी चित्र-तुकडा), अक्षांश-रेखांशांचे आणि फाइलींच्या आकाराचे आकडे गणितातून आलेले आहेत. ते कोणालाही ताडून पाहता येतील.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशाच्या सर्व्हरवरून तयार टाइल्स घाऊक उतरवून घेणं हा मार्ग बंदच आहे, त्यांच्या वापर-धोरणात ते स्पष्ट नाकारलेलं आहे. मूळ डेटा मात्र खुला आहे. तो पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेस या डेटाबेसला नकाशाचा डेटा हाताळता यावा म्हणून असलेली जोड) भरायचा, स्थानिक पातळीवर गोळा केलेले इमारतींचे आराखडे आणि पाणवठे त्यात जोडायचे, आणि मॅपनिक या नकाशा रंगवणाऱ्या सॉफ्टवेअरने स्वतः टाइल्स काढायच्या. नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख करायचा, ही अट पाळायची.

आधी मोजदाद

झूम म्हणजे तपशिलाची पातळी; आकडा एकाने वाढला की बारकावा दुप्पट होतो. झूम १८ ला विषुववृत्तावर एक पिक्सेल ०.५९७ मीटरचा असतो. सोलापूरच्या अक्षांशावर तो सुमारे ०.५७ मीटर भरतो, म्हणजे २५६ पिक्सेलची एक टाइल जमिनीवर साधारण १४५.५ मीटर लांब-रुंद. जिल्ह्याभोवती ७४.६ ते ७६.५ पूर्व रेखांश आणि १७.१ ते १८.६ उत्तर अक्षांश असा चौकोन आखला तर फक्त झूम १८ वर १५.९ लाख टाइल्स होतात. झूम १० ते १८ मिळून आकडा २१ लाखांवर जातो.

पण हा चौकोन सुमारे ३३,४०० चौरस किलोमीटरचा आहे आणि जिल्हा १४,८९५ चा. चौकोनाचा अर्ध्याहून जास्त भाग पुणे, धाराशिव, सांगली, विजयपूर अशा शेजाऱ्यांचा. म्हणून पहिलं काम म्हणजे जिल्ह्याच्या सीमेला एक किलोमीटरचा काठ ठेवून यादी कापणं. एवढं केलं की झूम १८ च्या टाइल्स सात लाखांच्या थोड्या वर आणि एकूण साडेनऊ लाखांच्या आसपास येतात. अर्ध्याहून जास्त काम एका क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नात, वाचतं. यंत्रं वाढवण्याच्या गप्पा त्यानंतरच्या.

टाइल एकेक करून काढायची नसते. नावं कडेला कापली जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चित्राभोवती, समजा, १२८ पिक्सेलचा जादा काठ रेंडर करून टाकून द्यावा लागतो. एकट्या टाइलला हा काठ लावला तर २५६ च्या जागी ५१२ पिक्सेलचं चित्र काढावं लागतं, म्हणजे चौपट काम. त्याऐवजी ८ बाय ८ अशा ६४ टाइल्सची एक मेटाटाइल एकदम काढली तर २,०४८ च्या जागी २,३०४ पिक्सेल लागतात आणि जादा काम फक्त २७ टक्के होतं. शिवाय डेटाबेसला ६४ वेळा विचारायच्या जागी एकदाच विचारलं जातं. मेमरीचा प्रश्न नाही: २,३०४ बाय २,३०४ पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे २१ एमबीचं चित्र.

झूम १८ वर एक मेटाटाइल जमिनीवर १.१६४ किलोमीटर बाजूची, १.३५५ चौरस किलोमीटरची होते. जिल्ह्यासाठी अशा सुमारे ११,००० लागतात, आणि सगळ्या झूम पातळ्या मिळून, सीमेवरच्या धरून, पंधरा-सोळा हजार. इथून पुढे कामाचं एकक मेटाटाइल आहे. टाइल हा शब्द शेवटी पॅकिंग करताना परत येईल.

यंत्रं आणि वर्कर

पहिलं यंत्र आठ कोअरचं, ३२ जीबी रॅमचं; कामाची रांग यावरच राहते. दुसरंही आठ कोअरचं. तिसरं जुनं, चार कोअरचं, १६ जीबी रॅमचं. तिन्ही एका गिगाबिट स्विचला जोडलेली.

वर्कर म्हणजे एका वेळी एक मेटाटाइल काढणारा कामकरी. त्यासाठी थ्रेड (एकाच प्रोग्रामच्या आत समांतर चालणारे धागे) घ्यायचे की प्रोसेस (स्वतंत्र चालणारे प्रोग्राम)? मॅपनिकचा एकच नकाशा-ऑब्जेक्ट दोन थ्रेडनी एकाच वेळी वापरणं सुरक्षित नाही, त्यामुळे थ्रेड घेतले तरी प्रत्येकाचा स्वतंत्र नकाशा-ऑब्जेक्ट लागतोच. पायथनमधून चालवायचं असेल तर प्रोसेस घ्यावेत. एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणाऱ्या, पायथन-इंटरप्रिटरच्या कुलपाचा प्रश्न उरत नाही, आणि एखादी बिघडलेली भूमिती (नकाशावरच्या वस्तूचा आकार) मॅपनिकला कोसळवते तेव्हा एकच वर्कर मरतो, बाकीचे चालू राहतात. स्टाइलची एक्सएमएल फाइल वर्कर सुरू होताना एकदाच वाचायची. मोठी स्टाइल वाचायला काही सेकंद जातात. दर मेटाटाइलला ती वाचणारी स्क्रिप्ट नीट चालल्यासारखी दिसते, पण निम्मा वेळ त्यातच घालवते.

प्रोसेसरच्या जाहिरातीतले १६ थ्रेड म्हणजे १६ कोअर नव्हेत. एका कोअरवरचे दोन थ्रेड तीच गणिती यंत्रणा वाटून घेतात आणि फायदा थोडाच होतो. शिवाय ज्या यंत्रावर डेटाबेस चालतो तिथे पोस्टग्रेसलाही कोअर लागतात, कारण दर जोडणीला त्याचा स्वतंत्र प्रोसेस असतो. म्हणून वाटप असं: पहिल्या यंत्रावर ६ वर्कर, दुसऱ्यावर ६, तिसऱ्यावर ३. एकूण १५. यापुढे एकेक वर्कर वाढवून दर मिनिटाला किती मेटाटाइल्स निघतात ते पाहावं. संख्या वाढणं थांबलं की तिथेच थांबावं.

क्षेत्रफळाने वाटणी केली तर

सगळ्यांना पहिल्यांदा सुचते ती वाटणी म्हणजे जिल्ह्याच्या सारख्या आकाराच्या पट्ट्या करून प्रत्येक वर्करला एकेक पट्टी देणं. यादी करायला सोपी, रांग सांभाळायची भानगड नाही. सोलापूरसारख्या जिल्ह्यात ती सपशेल फसते.

सोलापूर महापालिकेची हद्द साधारण १८० चौरस किलोमीटरची आहे, म्हणजे झूम १८ वर सुमारे १३३ मेटाटाइल्स. जिल्ह्याच्या ११,००० पैकी जेमतेम सव्वा टक्का. पण पेठांमधली दाट घरं, गल्लीबोळ आणि नावांची गर्दी याच सव्वा टक्क्यात आहे. हिशेबापुरतं फक्त झूम १८ घेऊ, आणि शहरी मेटाटाइलला ६० सेकंद आणि बाकीच्या १०,९०० ना प्रत्येकी ४ सेकंद लागतात असं धरू. शहराचं काम ७,९८० सेकंद, ग्रामीण भागाचं ४३,६०० सेकंद, एकूण ५१,५८०. एकट्या वर्करला १४ तास २० मिनिटं. पंधरा जणांत चोख वाटणी झाली तर ५७ मिनिटं.

पट्ट्या पाडल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला ७३५ मेटाटाइल्स येतात. निव्वळ ग्रामीण पट्टीवाला ४९ मिनिटांत मोकळा होतो. ज्याच्या पट्टीत अख्खं शहर आलं त्याला १३३ शहरी आणि ६०२ ग्रामीण मिळून १०,३८८ सेकंद लागतात, म्हणजे दोन तास त्रेपन्न मिनिटं. काम संपलं असं शेवटचा वर्कर संपल्यावरच म्हणता येतं, त्यामुळे चौदा वर्कर दोन तास रिकामे बसतात आणि एकूण वेळ तिप्पट होतो. अशा वेळी चौथं यंत्र आणून फारसा फरक पडत नाही. शहराची पट्टी ज्याच्याकडे आहे तो जवळजवळ तितकाच वेळ घेणार.

हा वेळ महत्त्वाचा का? एका रात्रीत एकदा टाइल्स काढून काम संपत नाही. रस्त्याचा रंग बदलला, नावांचा आकार एक पॉइंटने वाढवला, एखादा थर चुकीच्या झूमवर दिसला, की पुन्हा सगळं काढावं लागतं. तासाभरात निकाल आला तर दिवसात चार-पाच सुधारणा होतात. तीन तास लागले की लोक सुधारणा टाळू लागतात, आणि ते नकाशात दिसतं.

रांग

उपाय म्हणजे मध्यवर्ती रांग: जो मोकळा झाला त्याने पुढचं काम उचलावं. पहिल्या यंत्रावरच्या पोस्टग्रेसमध्ये एक तक्ता पुरतो. दर मेटाटाइलची एक ओळ. त्यात झूम, क्ष, य, वजन, अवस्था, कोणत्या वर्करने उचललं, केव्हा उचललं, केव्हा संपलं आणि किती वेळा प्रयत्न झाला. वर्कर ओळ उचलतो ती 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' लावून, म्हणजे घेतलेल्या ओळीला कुलूप घालून आणि दुसऱ्याने कुलूप घातलेल्या ओळी वगळून. ही सोय पोस्टग्रेस ९.५ पासून आहे. दोन वर्करना एकच ओळ मिळत नाही आणि कोणी कोणासाठी थांबतही नाही. वेगळं रांग-सॉफ्टवेअर बसवायची या आकाराला गरज नाही.

इथे एक मोह होतो: ओळीवरचं कुलूप रेंडरिंग संपेपर्यंत धरून ठेवायचं, म्हणजे वर्कर मेला की कुलूप आपोआप सुटेल. प्रोसेस मेला तर ते खरं आहे. पण तिसऱ्या यंत्राची वीज गेली तर पहिल्या यंत्राला ते कळतच नाही. लिनक्समध्ये टीसीपी जोडणी जिवंत आहे का हे तपासायला मूळ सेटिंगप्रमाणे दोन तास जातात, आणि तोवर त्या तीन मेटाटाइल्स कुलुपातच राहतात. म्हणून कुलूप क्षणभरच धरावं, ओळीवर 'उचललं' अशी नोंद करून लगेच सोडावं, आणि पंधरा मिनिटांत 'संपलं' अशी नोंद आली नाही तर ती ओळ पुन्हा मोकळी समजावी. वेळ मोजायला डेटाबेसचंच घड्याळ वापरावं. तीन यंत्रांची तीन घड्याळं कधीच जुळत नाहीत.

एकच मेटाटाइल दोनदा निघाली तरी नुकसान होऊ नये, याची काळजी लिहिताना घ्यायची: फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहायची आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलायचं. एकाच फाइल-सिस्टीमवर नाव बदलणं अखंड क्रिया असते, त्यामुळे अर्धवट फाइल खऱ्या नावाने कधीच दिसत नाही. तीनदा प्रयत्न फसलेली ओळ बाजूला ठेवावी. नाहीतर एखादी खराब भूमिती रात्रभर एकामागून एक वर्कर मारत राहते.

आता क्रम. सर्वात जड काम सर्वात आधी द्यायचं. ग्रॅहम यांनी १९६९ साली सिद्ध केलं की सारख्या वेगाच्या यंत्रांवर असा क्रम ठेवला तर लागणारा वेळ सर्वोत्तम वेळेच्या ४/३ पटीच्या वर जात नाही. इथे यंत्रं सारखी नाहीत, पण तत्त्व लागू पडतं: शेवटी उरतात ती चार सेकंदांची कामं, त्यामुळे सगळे जवळजवळ एकदम संपवतात. जड काम म्हणजे फक्त शहर असं मात्र नाही. झूम १० वर मेटाटाइल जमिनीवर जवळपास ३०० किलोमीटरची असते. अख्ख्या जिल्ह्याचे रस्ते, नद्या आणि गावं एका-दोन मेटाटाइल्समध्ये येतात आणि एकेका वर्करवर कित्येक मिनिटं चालतात. ती शेवटी ठेवली तर चौदा जण एकाची वाट पाहत बसतील. म्हणून आधी झूम १० ते १३, मग सोलापूर, पंढरपूर, बार्शी यांची शहरी कामं, मग बाकी सगळं. हलकी कामं एका फेरीत सोळा-सोळा उचलायला हरकत नाही. रांग दोनशेच्या आत आली की पुन्हा एकेक.

उजनीचं वजन

क्रम लावायला प्रत्येक मेटाटाइलचं वजन आधी ठरवावं लागतं. सोपा मार्ग म्हणजे तिच्या चौकोनात किती वस्तू येतात ते मोजणं: घरं, रस्ते, नावं. या हिशेबाने उजनीच्या जलाशयावरच्या मेटाटाइल्स सगळ्यात हलक्या ठरतात, कारण तिथे एकच वस्तू आहे, निळं पाणी. प्रत्यक्षात त्या शहराच्या बरोबरीने वेळ खातात.

कारण असं की जलाशय हा एकच बहुभुज आहे. भीमेच्या खोऱ्यात तो पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत शिरतो, आणि त्याचा काठ फाट्याफाट्यांचा असल्यामुळे बिंदू हजारोंनी आहेत. मेटाटाइल त्याच्या मधोमध असली आणि तिच्यात काठाचा एक बिंदूही नसला, तरी पोस्टग्रेस अख्खा बहुभुज डिस्कवरून उचलतो, दाबून साठवलेला तो उलगडतो आणि मॅपनिकला पाठवतो. मग मॅपनिक तो कापून एक निळा चौकोन रंगवतो. शेजारची मेटाटाइल हेच सगळं पुन्हा करते. पाण्याच्या शेकडो मेटाटाइल्स म्हणजे तेच ओझं शेकडो वेळा.

उपाय पोस्टजीआयएस २.२ पासून हाताशी आहे: एसटी-सबडिव्हाइड हे फंक्शन. भरून रंगवायच्या मोठ्या बहुभुजांचे, प्रत्येकी २५६ बिंदूंच्या आतले, तुकडे करून वेगळ्या तक्त्यात ठेवायचे, त्यावर जिस्ट इंडेक्स (जागेनुसार पटकन शोधायची सूची) करायचा आणि पाण्याचा थर त्या तक्त्यावरून काढायचा. आता प्रत्येक मेटाटाइलला जवळचे दोन-चार तुकडेच मिळतात. काठाची रेघ मात्र मूळ भूमितीवरूनच काढावी, नाहीतर पाण्यावर तुकड्यांच्या सीमांची जाळी उमटते. भरावातही मऊ कडा चालू असतील तर तुकड्यांमध्ये केसाएवढी फट दिसते. त्या थरापुरता गॅमा (कडांचा मऊपणा ठरवणारी सेटिंग) कमी केला की ती मिटते. नान्नजचं माळढोक अभयारण्य, वनखात्याच्या जमिनी आणि मोठ्या तालुका-सीमा यांनाही हेच लागू.

आणि वजन मोजायचं ते वस्तूंच्या संख्येने नव्हे, त्यांच्या बिंदूंच्या बेरजेने. पहिली पूर्ण फेरी झाली की तेही लागत नाही. रांगेच्या तक्त्यात प्रत्येक मेटाटाइलला प्रत्यक्ष किती वेळ लागला ते आहेच. दुसऱ्या फेरीला तोच आकडा वजन म्हणून वापरायचा. यापेक्षा चांगला अंदाज कोणतंही सूत्र देणार नाही.

डेटाबेस एक की तीन

पंधरा वर्कर एकाच डेटाबेसवर सोडले तर पहिलं यंत्र गुदमरतं आणि दुसऱ्या-तिसऱ्याचे कोअर अर्धे रिकामे राहतात. जिल्ह्याचा डेटा लहान आहे, त्यामुळे तिन्ही यंत्रांवर त्याची प्रत ठेवणं स्वस्त पडतं. रांग तेवढी एका ठिकाणी. अट एकच: तिन्ही प्रती एकाच डम्पमधून (डेटाबेसच्या एका वेळी काढलेल्या पूर्ण नकलेतून) उतरवायच्या. प्रत्येक यंत्रावर स्वतंत्रपणे ताजा डेटा आयात केला तर दोन दिवसांच्या फरकानेही रस्ते सांध्यावर तुटलेले दिसतात. डम्प उतरवल्यावर 'अॅनलाइझ' ही तक्त्यांची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा चालवायची. डेटाबेसची आकडेवारी डम्पबरोबर येते असं धरून चालू नये. ती नसली तर क्वेरी-नियोजक इंडेक्स सोडून अख्खा तक्ता वाचायला लागतो. तिसरं यंत्र अपेक्षेपेक्षा फारच मंद वाटलं तर जुन्या प्रोसेसरला दोष देण्याआधी हे तपासावं.

पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमधल्या काही गोष्टी या कामाला उलट्या पडतात. एका क्वेरीसाठी दोन जादा मदतनीस प्रोसेस घेण्याची परवानगी असते. सगळे कोअर आधीच वर्करनी व्यापलेले असताना ती शून्य करावी. जेआयटी (क्वेरी चालवताना तिचं यंत्रभाषेत रूपांतर करणं) आवृत्ती १२ पासून आपोआप चालू असतं; नकाशाच्या छोट्या-छोट्या क्वेरींना त्याचा भारच होतो, बंद करावं. शेअर्ड बफर्स (डेटा रॅममध्ये धरून ठेवायची सामायिक जागा) १२८ एमबी असतात, ते रॅमच्या पाव हिश्शापर्यंत न्यावेत. वर्क-मेम (क्रमवारी लावायला मिळणारी मेमरी) वाढवताना मात्र गुणाकार करून पाहावा: ते दर जोडणीला नाही, दर क्रमवारीला लागतं.

सांध्यावरची नावं

अनेक यंत्रांवर रेंडरिंग केल्याने जन्माला येणारे दोष इथे भेटतात.

झूम १० वर सोलापूर शहर ७२७ क्रमांकाच्या उभ्या रांगेत येतं. ७२८ ला आठाने भाग जातो, म्हणजे ७२७ आणि ७२८ यांच्यामधली रेषा मेटाटाइलचा सांधा आहे. ती रेषा ७५.९३७५ पूर्व रेखांशावर पडते, शहराच्या मध्यापासून दोन-चार किलोमीटर पूर्वेला. झूम १० वर एवढं अंतर वीस-पंचवीस पिक्सेल भरतं. 'सोलापूर' हे नाव त्याहून रुंद असल्याने सांध्यावर पसरतं. डावी मेटाटाइल एका यंत्रावर निघते, उजवी दुसऱ्या. उजवीला त्या नावाची जाणीव नसेल तर जिल्ह्याच्या मुख्य शहराचं नाव 'सोलापू' एवढंच उमटतं. हीच रेषा झूम १० च्या पुढच्या प्रत्येक पातळीवर सांधाच राहते, कारण दर पातळीला क्रमांक दुप्पट होतो आणि आठाने भाग जाणं टिकतं. जिल्ह्याच्या नकाशाची पहिली तपासणी करायला याहून चांगली जागा नाही.

नाव कापलं जाण्याची कारणं तीन. पहिलं, काठ लावायचाच राहिला: मॅपनिकमध्ये बफर-साइज मुळात शून्य असते. दुसरं, काठ आहे पण अपुरा: सर्वात रुंद नावाच्या निम्म्यापेक्षा तो मोठा हवा, आणि मराठी नावं दोन ओळींत मोडली नाहीत तर लांब होतात. तिसरं कारण फसवं आहे. दोन नावं एकमेकांवर येत असतील तर आधी आलेलं टिकतं. क्वेरीत क्रम दिलेला नसेल तर ओळी कोणत्या क्रमाने येतील याची पोस्टग्रेस हमी देत नाही, आणि तीन प्रतींत तीन क्रम निघू शकतात. डावीकडे 'सोलापूर' जिंकतं, उजवीकडे शेजारचं गाव. म्हणून नावांच्या प्रत्येक क्वेरीत लोकसंख्येनुसार उतरता क्रम, आणि लोकसंख्या सारखी असेल किंवा नसेलच तर वस्तूच्या क्रमांकानुसार, असा पक्का क्रम लिहायचा. लहान नावांना मेटाटाइलची कड टाळण्याची सूचना देता येते. मोठ्या शहरांना ती देऊ नये. नाव गायबच होतं.

फॉन्टचा दोष आणखी वेगळा दिसतो. तिसऱ्या यंत्रावर नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट बसवलेला नसेल तर त्याच्या वाट्याच्या मेटाटाइल्सवर अक्षरांच्या जागी चौकोन येतात. रांगेमुळे कामं विखुरलेली असतात, त्यामुळे बिघाड बुद्धिबळाच्या पटासारखा अधूनमधून दिसतो आणि लोक डेटात चूक शोधत बसतात. मॅपनिकची आवृत्ती ३ च्या आधीची असेल तर फॉन्ट असूनही जोडाक्षरं फुटतात, 'अक्कलकोट' आणि 'मंद्रूप' वाचवत नाही. अक्षरं जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी मॅपनिकमध्ये तिसऱ्या आवृत्तीपासून आली. अशा वेळी रांगेच्या तक्त्यातून एक साधा नकाशा काढावा: कोणती मेटाटाइल कोणत्या यंत्राने काढली, तीन रंगांत. दोषी यंत्र लगेच कळतं.

याहून बरं म्हणजे आधीच तपासणं. शहरातल्या, उजनीवरच्या, सीमेवरच्या आणि ७५.९३७५ च्या सांध्यावरच्या मिळून पन्नासेक मेटाटाइल्स तिन्ही यंत्रांवर काढाव्यात आणि पिक्सेल-पिक्सेल जुळवाव्यात. एकही पिक्सेल वेगळा निघाला तर फॉन्ट, लायब्ररीची आवृत्ती, स्टाइल किंवा डेटा यांपैकी काहीतरी वेगळं आहे. ते सापडेपर्यंत मोठी फेरी सुरू करू नये.

ऊन, तंतू आणि वीज

सोलापुरात मे महिन्यात पारा अनेकदा चाळिशीच्या वर जातो. सगळे कोअर तासभर पूर्ण भाराने चालले की प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग उतरवतो. लॉगमध्ये चूक दिसत नाही, फक्त मेटाटाइल्सचा वेळ वाढत जातो. यंत्रमागांच्या वस्तीजवळ कार्यालय असेल तर कापसाचे बारीक तंतू हीटसिंकच्या पात्यांत गच्च बसतात, तेव्हा मोठ्या फेरीआधी ब्लोअर मारून घ्यावा. फेरी रात्री लावावी. यूपीएस एकच असेल तर तो पहिल्या यंत्राला आणि स्विचला द्यावा: वर्करची वीज गेली तर थोड्याच मेटाटाइल्स पुन्हा काढाव्या लागतात, रांगेची गेली तर सगळेच थांबतात. याच कारणाने रांगेच्या डेटाबेसवर एफसिंक (नोंद खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करणारी सेटिंग) कधीही बंद करू नये.

पॅकिंग

साडेनऊ लाख सुट्या पीएनजी फाइली हा पर्याय कागदावरच बाद करता येतो. ६४ जीबीचं कार्ड विंडोजवर एक्सफॅट करताना मूळ सेटिंगने १२८ केबीचे क्लस्टर पडतात. शंभर-सव्वाशे बाइटांची एकरंगी टाइलही तेवढी जागा अडवते, आणि सगळ्या मिळून १२० जीबीच्या वर जातात. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल-सिस्टीमवर वेगळी अडचण: दर १६ केबीला एक आयनोड (एका फाइलीच्या नोंदीची जागा) असतो, त्यामुळे १० जीबीच्या विभाजनात सहा लाखांच्या आसपास फाइली झाल्या की जागा असूनही 'जागा शिल्लक नाही' असा निरोप येतो.

म्हणून एमबीटाइल्स, म्हणजे एकच एसक्यूलाइट फाइल (एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस). एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच लिहिणारा चालतो. पंधरा वर्करना थेट त्यात लिहू दिलं तर 'डेटाबेस लॉक्ड' हा निरोप पंधरा ठिकाणी दिसतो. फाइल नेटवर्कच्या फोल्डरवर ठेवणं तर धोक्याचंच. एसक्यूलाइटची वॉल पद्धत (बदल आधी वेगळ्या नोंद-फाइलीत लिहिण्याची) तिथे चालत नाही आणि कुलपांवर भरवसा ठेवता येत नाही. वर्करनी मेटाटाइल एकसंध फाइल म्हणून आपापल्या डिस्कवर लिहावी, पहिल्या यंत्राने त्या ओढून घ्याव्यात, आणि एकाच प्रोसेसने त्यांच्या टाइल्स करून भराव्यात, हजार-हजार टाइल्सच्या एका व्यवहारात. प्रत्येक टाइलसाठी वेगळा व्यवहार केला तर डिस्कवर साडेनऊ लाख वेळा शिक्का मारावा लागतो.

टाइलच्या आशयाचा हॅश (आशयावरून निघणारा ठसा-क्रमांक) काढून चित्रं एका तक्त्यात आणि जागा दुसऱ्यात ठेवाव्यात. सांगोला-मंगळवेढ्याच्या मोकळ्या रानातल्या आणि उजनीच्या पाण्यातल्या लाखो एकरंगी टाइल्स मग एकेकदाच साठतात.

य-क्रमांक उलटा असतो हे विसरू नये. एमबीटाइल्स खालून वर मोजतं: दोनाचा झूमवा घात, उणे एक, उणे य. झूम १० वर सोलापूरचा य ४६० असेल तर फाइलीत तो ५६३ लिहायचा. उलटवायचं राहिलं तर शहर विषुववृत्तापलीकडे हिंदी महासागरात जातं आणि टॅबलेटवर फक्त कोरा पडदा दिसतो.

हा भरणा एकट्या प्रोसेसचा आहे. रेंडरिंगला ५७ मिनिटं आणि त्यानंतर भरण्याला २० धरली तर ७७ होतात. यंत्रं दुप्पट केली तरी ४८ च्या खाली जाणार नाही. म्हणून भरणारा प्रोसेस रेंडरिंगबरोबरच सुरू करायचा, निघालेल्या मेटाटाइल्स लगेच उचलत जायच्या. मग शेवटी दोन-तीन मिनिटांचंच काम उरतं. त्यानंतर दर झूमच्या टाइल्स मोजून मूळ यादीशी ताडायच्या. एकही कमी असली तर रांगेत तिची ओळ शोधायची.

शेवटच्या आठवड्यातले बदल

वारीच्या तोंडावर पंढरपुरात ६५ एकरच्या तळावर, वाळवंटाकडे जाणाऱ्या वाटांवर नवे पाणवठे आणि दवाखान्याचे तंबू ठरतात. प्रत्येक नव्या बिंदूसाठी झूम १० ते १८ मिळून नऊ मेटाटाइल्स पुन्हा काढाव्या लागतात. सांध्याच्या कोपऱ्यात पडला तर जास्तीत जास्त छत्तीस. बिंदूभोवती काठाएवढं अंतर धरून त्या शोधायच्या, रांगेत त्यांची अवस्था 'बाकी' करायची आणि वर्कर सोडायचे. नवा बिंदू तिन्ही डेटाबेस-प्रतींत गेला आहे याची आधी खात्री करायची, नाहीतर तंबू एका झूमवर दिसेल आणि पुढच्या झूमवर नाही.

जुन्या फाइलीतल्या त्या टाइल्सच्या नोंदी बदलून फाइल नव्याने कार्डांवर उतरवायची. ३२ जीबीची आणि त्याखालची कार्डं बहुधा फॅट३२ मध्ये येतात. तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, तेव्हा फाइल त्याहून मोठी झाली तर झूम १७-१८ वेगळ्या फाइलीत काढावेत. प्रत्येक कार्डावर उतरवल्यानंतर फाइलीचा शा-२५६ हॅश मूळ फाइलीशी जुळवावा, आणि एका टॅबलेटवर विमान-मोड चालू करून धर्मपुरी, वेळापूर, वाखरी आणि महाद्वार या चार जागा झूम १८ पर्यंत उघडून पाहाव्यात.